डबक्यात तेल ओतण्यापूर्वी

पावसाळ्यात पेणहून रोह्याला आगगाडीने जाताना रुळालगतचे खड्डे व भातखाचरे पाण्याने भरलेली दिसतात. डास वाढू नयेत म्हणून अशा डबक्यांत जळके ऑइल ओतण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो, कीटकशास्त्र नव्हे. तरीही ही पद्धत चुकीची आहे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण पदार्थविज्ञानातच सापडते.

घरात गुणगुणणाऱ्या क्युलेक्स डासाची अळी शेपटाकडील श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून हवा घेते. नळीचे टोक पाण्याने भिजत नाही, त्यामुळे पृष्ठताणाच्या आधाराने अळी तेथे लटकून राहते. तेल पसरले की हा आधार जातो, तेल नळीत शिरते आणि अळी गुदमरते. येथवर ठीक. पण त्याच डबक्यात अळ्यांचे शत्रूही राहतात, आणि तेही हवेसाठी पृष्ठभागावरच येतात! पाणविंचवाची लांब शेपटी म्हणजे नांगी नव्हे, ती श्वासनळी आहे. उताणा पोहणारा कीटक पोटाच्या केसांत हवा धरून बुडी मारतो. पाणढेकणांच्या एका गटात तर मादी नराच्याच पाठीवर अंडी चिकटवते, आणि अंड्यांना हवा मिळावी म्हणून तो बिचारा वारंवार वर येतो. हे सारे कीटक अळीला सोंडेने भोसकून आतला रस शोषतात. तेल मात्र शत्रू-मित्र ओळखत नाही.

पुढचे गणित सोपे आहे. पावसाने तवंग वाहून गेला की डास पुन्हा अंडी घालतात. उष्ण हवेत सुमारे दहा दिवसांत नवे डास उडतात. पाणढेकणाच्या पिलाला पाच वेळा कात टाकून प्रौढ व्हायला महिन्याहून अधिक काळ लागतो. तोवर डासांना मोकळे रान!

मग हिवताप, डेंग्यू होऊ द्यायचे काय, असे शिक्षक बंधुभगिनी विचारतील. मुळीच नाही. डेंग्यूचा डास वाढतो तो मुख्यतः पिंपांत, टायरांत, कुंड्यांखालच्या बशांत. तेथे पाणढेकूण क्वचितच असतात. ती भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत. तुंबलेल्या गटारालाही हा नियम मी लावणार नाही. माझा आग्रह तळ्याखाचरांपुरता आहे.

तेथे आधी पाहावे. शिक्षकांसोबत काठावर जाऊन चहाच्या गाळणीने पाणी ढवळा, सापडेल ते पांढऱ्या ताटलीत घ्या. अळ्या किती, पाणढेकूण किती, तारखेसह वहीत लिहा. पाणढेकणाला बोटांनी मात्र धरू नका. त्याचा दंश चांगलाच झोंबतो.