पिग्मीवाले काका आणि तांदळाचा डबा

गेल्या महिन्यात माळा आवरताना तीन खोकी सापडली. एकात सँडविच टोस्टर, दुसऱ्यात पाठ रगडायचं कसलंसं यंत्र. तिसरं उघडलेलंच नव्हतं. त्यात काय आहे ते मलाच आठवेना. कात्रीनं पट्टी कापली, तर आप्पेपात्र निघालं. घरात आईनं लग्नात दिलेलं बिडाचं आप्पेपात्र आहे, आणि आप्पे वर्षातून दोनदा होतात. मोबाइलवर जुनी ऑर्डर शोधली. वेळ रात्री पावणेबाराची. ‘फक्त दोन शिल्लक’ असं वाचून अंगठा पुढे गेला असणार.

अशा वेळी मला पिग्मीवाले काका आठवतात. वडिलांचं साताऱ्याला वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. रोज दुपारी साडेचारच्या सुमाराला काकांची लुना फटफटत यायची. पतसंस्थेचं कार्ड, शर्टाच्या खिशाला निळं पेन. वडील गल्ल्यातून दहा रुपये काढून द्यायचे, काका कार्डावर आकडा टाकून सही ठोकायचे. धंदा नसला की वडील म्हणायचे, “आज राहू द्या, काका.” काका हलायचे नाहीत. बाकड्यावर बसून अर्धा कप चहा घ्यायचे आणि उठताना म्हणायचे, “पाच तरी टाका, अण्णा. घर कोरं नको.” कार्डावरचं त्या दिवसाचं घर म्हणे! वडील पाच टाकायचे. जूनमध्ये आमच्या फिया आल्या की पिग्मी मोडली जायची.

‘पिग्मी’ हा शब्द मला कितीतरी वर्षं मराठीच वाटायचा. तो आला उडुपीहून. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावाजलेल्या पेढीनं १९२८ साली तिथं ही योजना काढली: माणूस दारात येणार आणि रोज दोन आणे घेऊन जाणार. विणकर, छोटे दुकानदार, ज्यांच्या हातात महिन्याचा पगार पडत नाही, त्यांनी शिल्लक टाकायची कशी, याचं हे उत्तर होतं. दोन आणे कुणालाही जड नव्हते, आणि दारात आलेल्या माणसाला रोज ‘नाही’ म्हणणं जड होतं.

आमची ती पतसंस्था पुढे बुडाली. काका तेव्हा रस्त्यानं मान खाली घालून जायचे. त्यांचा काय दोष होता? वडिलांचे काही हजार गेले. तेव्हापासून आईचा कागदांवरचा विश्वास उडाला, असं आम्हाला वाटायचं. तो कधी नव्हताच, हे कळलं ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री. मी माहेरीच होते. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर ऐकल्यावर आई न बोलता स्वयंपाकघरात गेली. तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि तांदळाचा डबा त्यावर उपडा केला. तळाशी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या पाचशेच्या नोटा. चौतीस हजार!

वडील बघतच राहिले. “हे कुठून आणलेस?”

“तुमच्याच गल्ल्यातले. रोजचे दहा-वीस,” आई नोटांवरचा तांदूळ झटकत म्हणाली.

म्हणजे दुपारी काका आणि रात्री आई, असा गल्ल्याला दोन्हीकडून हात लागत होता. तरी दुकान चाललं, घरही चाललं.

त्या पिढीला मोह नव्हता, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. आई पैठणीच्या दुकानासमोर पाच-पाच मिनिटं उभी राहायची. पण नोट काढायची तर डबा उतरवा, तांदूळ उपसा, कुणी बघत नाही ना ते बघा, पुन्हा सगळं भरा. तेवढ्यात मोह ओसरायचा. माझा पैसा अंगठ्याखाली आहे. चहा, रिक्षा, आप्पेपात्र, सगळ्याला तोच अंगठा.

म्हणून २०२४ मध्ये मी पोस्टात आवर्ती ठेव उघडली. महिन्याला दोन हजार, पाच वर्षं, व्याज ६.७ टक्के, शेवटी हातात सुमारे १ लाख ४२ हजार येतील. ऑफिसातल्या एकानं हिशेब मांडून दाखवला की एवढेच पैसे म्युच्युअल फंडात टाकले तर जास्त मिळू शकतील. बरोबर असेल त्याचं. पण एसआयपी मी दोनदा सुरू केली आणि दोनदा अंथरुणात पडल्या पडल्या बंद केली. कुणाला कळलंही नाही. आवर्ती ठेवीचे हप्ते घ्यायला मात्र आमच्या सोसायटीत महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट ताई येतात. हप्ता चुकला तर शंभरामागे रुपया दंड. त्या रुपयाची मला भीती नाही. जिन्यात सगळ्यांसमोर “वहिनी, तुमचा राहिलाय हं अजून” हे ऐकायची आहे. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही, याचं श्रेय त्या जिन्याचं.

ते आप्पेपात्र मी आईला देऊन टाकलं. ते ठेवायला तिच्या फडताळात जागा करत होते. तांदळाचा डबा सरकवला, तर हलका लागला. “आता नाही गं काही त्यात,” आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. मी शेजारच्या रव्याच्या डब्याला हात घातला, तशी ती लगबगीनं पुढे आली. “तो राहू दे. मी सरकवते.”