इशारा दिसला, तर आधी थांबा

डॉक्टरांशी सुरू असलेला व्हिडिओ कॉल तुटतो. पुन्हा जोडताना पडद्यावर ‘तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. दवाखान्यातून सांगतात, ‘काही होत नाही, पुढे जा.’ रुग्ण बटण दाबून मोकळा होतो. ही सवय घातक आहे.

समोरच्या संकेतस्थळाची ओळख ब्राउझरला पटली नाही, एवढाच या इशाऱ्याचा अर्थ. कारण साधेही असते: फोनमधली तारीख चुकलेली किंवा संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली. पण मोफत वाय-फायवर कुणी मध्ये शिरून संभाषण चोरू पाहत असेल, तरी इशारा असाच दिसतो. म्हणून कॉल सोडावा, तारीख तपासावी, मोबाइल डेटावरून पुन्हा जोडावे. तरीही इशारा कायम राहिला, तर दवाखान्याच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करावा. तोवर रिपोर्ट किंवा ओटीपी देऊ नये.

मात्र सगळा भार रुग्णावर नको. डॉक्टरांनी रुग्णाची गोपनीयता जपावी, असे २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. प्रमाणपत्राचे वेळेवर नूतनीकरण हाही त्याचाच भाग मानायला हवा. खोट्या इशाऱ्यांना सरावलेला रुग्ण खऱ्या इशाऱ्यालाही थांबणार नाही.