स्पीड ९४वर अडकलाय? प्लान बदलण्याआधी केबलचं टोक बघा

प्लान ३०० एमबीपीएसचा. आतल्या खोलीत वाय-फाय नीट पोहोचत नाही म्हणून लॅपटॉपला थेट केबल लावलेली. तरीही स्पीड टेस्टचा आकडा ९४-९५च्या पुढे सरकत नाही. असं होत असेल तर ५००चा प्लान घेऊन उपयोग नाही. आधी केबलच्या टोकाचा पारदर्शक प्लग, म्हणजे आरजे-४५ कनेक्टर, नीट पाहा.

प्लग घरातच का बसवतात?

जुईनगरसारख्या सिडकोच्या नोडमधल्या फ्लॅटमध्ये लाइन दारातून येते, राउटर हॉलमध्ये बसतो आणि कामाचं टेबल बेडरूममध्ये असतं. भिंतीला पाडलेल्या लहान भोकातून प्लगसकट केबल जात नाही. म्हणून आधी नुसती केबल ओढतात आणि मग क्रिंपिंग टूलने टोकाला प्लग दाबून बसवतात. सगळ्यात नाजूक काम असं शेवटी, घाईत उरकलं जातं.

९४चं गणित काय?

केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात. त्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर असतात. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. हे मानक १९९९ मध्ये आलं. ४, ५, ७, ८ यांपैकी एक तार जरी पिनेला टेकली नाही, तरी बरीच उपकरणं गुपचूप १००वर उतरतात. डेटासोबत जाणारी तांत्रिक माहिती वजा केली की हाती साधारण ९४ उरतात. नेट ‘चालू’ असतं, त्यामुळे कोणी तक्रारही करत नाही.

टेस्टरचे दिवे लागले की झालं?

नाही. प्रचलित ‘बी’ क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगची क्लिप खाली आणि केबल आपल्या बाजूला धरली, तर पहिली तार डावीकडे येते. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, तिथेच गफलत होते. काही जण चारही जोड्या शेजारी शेजारी लावतात. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्याने स्वस्त टेस्टरचे आठही दिवे लागतात. पण ३ आणि ६ वेगवेगळ्या पिळांतल्या तारांवर जातात आणि एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळतो. तो टाळण्यासाठीच तर पीळ असतो. तो १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडवू नये, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत जाऊन दाबलं गेलंच पाहिजे. नाहीतर केबल ओढली की ताण थेट तारांवर येतो.

मग करायचं काय?

जोडणी करणारा दादा निघताना आपण विचारतो, ‘चालतंय ना?’ विचारायला हवं, ‘कितीवर चालतंय?’ विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट इथे ‘लिंक स्पीड’ दिसतो. १०००/१००० असेल तर गिगाबिट मिळतंय. १००/१०० दिसलं आणि राउटर व लॅपटॉप दोन्हींचे पोर्ट गिगाबिट असतील, तर संशय केबलवर आणि तिच्या टोकांवर. एकदा दाबलेला प्लग पुन्हा वापरता येत नाही. टोक कापून नवा बसवावा लागतो.

माझ्या मते ही तपासणी जोडणीचाच भाग असावी. त्यासाठी दहा मिनिटं जास्त लागली तर ती द्यावीत, वेगळे पैसे लागले तर तेही द्यावेत. घराचं नूतनीकरण निघालं असेल, तर भिंतीत पाइप टाकून दोन्ही खोल्यांत नेटवर्क सॉकेट बसवून घेणं त्याहून शहाणपणाचं. प्लग काही रुपयांचा असतो; न मिळणाऱ्या स्पीडचं बिल मात्र दर महिन्याला येतं.