पायवाटेची बाब अंदाजपत्रकात हवी

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार पुनःपुन्हा येते. गडाच्या अंदाजपत्रकात पेव्हर ब्लॉक असतात, रेलिंग असते, दिवे असतात, सेल्फी पॉइंटही असतो. माथ्यावरची धूप थांबवणे, जुने पन्हाळ मोकळे करणे, पायवाटेला आच्छादन घालणे यासाठी मात्र एकही बाब नसते. एका वाचकाने तशी बाब सुचवली, तर 'दरसूचीत बसत नाही' असा शेरा मारून प्रस्ताव परत आला. दरसूचीत बसत नसेल तर दरसूची बदला. गड काही दरसूचीसाठी बांधलेले नाहीत.

हा हट्ट कशासाठी, हे समजायला जपानच्या ह्योगो प्रांतातला ताकेदा गड पुरेसा आहे. समुद्रसपाटीपासून 353.7 मीटर उंच माथा, त्यावर उत्तर-दक्षिण सुमारे 400 मीटर पसरलेली दगडी बांधणी. 1600 साली सेकिगाहाराची लढाई झाली, शेवटचा गडपती आकामात्सु हिरोहिदे याचा अंत झाला आणि गड ओस पडला. लाकडी इमारती गेल्या. चुन्याशिवाय रचलेल्या अनघड दगडांच्या भिंती चारशे वर्षांच्या बर्फ-पावसातून टिकल्या. 1943 पासून तो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

मग शरद ऋतूतल्या पहाटे धुक्यावर तरंगणाऱ्या या गडाची छायाचित्रे गाजली. 2005 च्या सुमारास वर्षाला वीसेक हजार माणसे येत, 2013 पर्यंत तो आकडा पाच लाखांवर गेला. परिणाम आपल्यापैकी कोणीही सांगू शकेल. आधी गवत गेले, मग माती दबून टणक झाली, पाऊस तिच्यावरून धावू लागला आणि माती घेऊन गेला. जमिनीत सुरक्षित असलेली कौले आणि जोत्याचे दगड उघडे पडले. अशा भिंतीच्या पोटात निचऱ्यासाठी खडीची भर असते. वरची माती त्या भरीत उतरली की निचरा तुंबतो, पाणी आत साठते आणि भिंतीला फुगवटा येतो. म्हणून गर्दी हा भिंतीवरचा भारच आहे. तो हिशेबात धरलाच पाहिजे.

हा गड ज्या आसागो शहराच्या हद्दीत येतो, त्याच्या प्रशासनाने तो धरला. ऑक्टोबर 2013 पासून प्रवेशशुल्क लावले. त्याच डिसेंबरात गड बंद केला तो मार्चपर्यंत उघडला नाही, आणि त्या काळात दुरुस्ती केली. चालण्याच्या पट्ट्यांवर आच्छादन टाकले, दोर लावून मार्ग आखून दिले, खासगी गाड्या पायथ्याशी थांबवल्या. आजही हिवाळ्यात गड काही आठवडे बंद असतो. धुक्यातला गड पाहायचा असेल त्याने समोरच्या डोंगरावरच्या रित्सुउनक्यो इथे जायचे. तिथून गड पूर्ण दिसतो आणि त्याच्या मातीला पाऊलही लागत नाही.

यातले काय आपल्याला जमणार नाही? आपल्याकडे तर निसर्गानेच मुहूर्त ठरवून दिला आहे. भर पावसात भिजलेली माती सर्वांत नाजूक असते आणि नेमकी तेव्हाच आपली गर्दी शिगेला पोचते. कमकुवत माथे त्या आठवड्यांत बंद ठेवा म्हटले की पर्यटनाची आकडेवारी पुढे केली जाते. किती आले हे मोजणाऱ्या कार्यालयाने किती माती गेली हेही मोजावे.

आणि दोष फक्त कार्यालयांचा नाही. संवर्धनाच्या नावाने शेकड्यांनी माणसे एका दिवशी माथ्यावर नेणाऱ्या, फुगवटा आलेल्या बुरुजावर उभे राहून समूहचित्र काढणाऱ्या संस्था आपल्यातच आहेत. नोंदी मागितल्या की त्या गप्प बसतात. हे थांबले पाहिजे.

मित्रहो, पुढच्या पावसाआधी प्रत्येक संस्थेने एक गड घ्यावा. तटाच्या कडेला ठरावीक जागा निवडा, शेजारी मोजपट्टी ठेवून त्याच कोनातून पावसाआधी आणि पावसानंतर छायाचित्र काढा, तारीख लिहा. पायवाट कुठे रुंदावली, कोणता पन्हाळ तुंबला, कोणत्या भिंतीला फुगवटा आला, हे नकाशावर दाखवा. त्या नोंदी जोडून पुरातत्त्व आणि वन, दोन्ही खात्यांकडे लेखी मागणी करा, पोच घ्या आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा. येईल ती प्रत्येक नोंद आम्ही छापू. तोंडी गाऱ्हाण्याला शेरा मारून परत पाठवता येते. मोजमाप जोडलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.