गाळलेल्या जागा

मैत्रिणींनो, शाळेत मराठीच्या पेपरात ‘गाळलेल्या जागा भरा’ असायचं, आठवतं ना? हमखास मार्क देणारा तोच प्रश्न हल्ली कॉम्प्युटरला घालतात!

चिंचवडला आमच्या वरच्या खोलीत लातूरकडच्या दोघी मुली भाड्याने राहतात. चाकणला कंपनीत जातात. परवा पहाटे त्यातली एक मैत्रिणीला मेसेज धाडायला मोबाईलशी बोलत होती, “बस यायलीय, लवकर ये.” मोबाईलने लिहिलं, “बस यायला ये.” तीनदा तेच. शेवटी तिने ‘बस येत आहे’ म्हटलं, तेव्हा कुठे जमलं. “काकू, याला आपलं बोलणं कळंना. पेपरातल्यावाणी बोलावं लागतंय,” म्हणून ती हसली. मला काही हसू आलं नाही.

मशीनला कोणी व्याकरण शिकवत नाही. लाखो वाक्यांतले शब्द झाकायचे आणि ओळख म्हणायचं. ‘चुलीवर ___ ठेवलं.’ चुकलं की आतले आकडे जरासे बदलतात, पुन्हा पुढचं वाक्य. गूगलचं २०१८ सालचं ‘बर्ट’ असंच शिकलं. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ गटाने २०२२ मध्ये सुमारे २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यं जमवली आणि ‘महाबर्ट’ घडवलं. कौतुकाचंच काम. पण त्यातली बहुतेक वाक्यं बातम्यांची. म्हणजे मंत्र्यांची भाषणं भरपूर, न्हाणीघरापाशी चाललेलं बोलणं जवळजवळ नाहीच.

त्याच गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट निवडली. ती माणसांनी वाचली आणि चांगलं, वाईट, मधलं असे शिक्के मारले. सोपं वाटतं? ‘छान दिवे लावलेस!’ यावर कुठला शिक्का मारायचा, ते सासुरवाशिणीला विचारा.

आवाज ओळखण्याचं तंत्र निराळं, पण जे ऐकलं-वाचलं तेच ओळखणार, हे तिथेही आलंच. उद्या बँकेचा, दवाखान्याचा फोन मशीनने उचलला, तर बोली कोणी बदलायची? ताप आलेल्या लेकराच्या आईने?

मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर मराठीत कोणालाही आपला आवाज देता येतो, वाक्यंही सुचवता येतात. वरच्या दोघींना सांगितलंय, सुट्टीला खाली या, चहा मी करते. धाकटी लगेच म्हणाली, “काकू, ‘बस यायलीय’ चालंल का तिथं?”