समाधान मोजता, मग संडास का नाही?

मैत्रिणींनो, मी पाटोदा तालुक्यात शिकवते. ‘शाळेतल्या वातावरणाबद्दल समाधानी आहात का? १ ते ५ गुण द्या,’ असा कागद येतो. वर नाव लिहायचं, भरून मुख्याध्यापकांच्याच हाती द्यायचा! मग सगळ्याजणी ४ लिहितात. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळे संडास सांगितले. शिक्षिकेचं नावही नाही. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे १० पेक्षा कमी माणसं असतील तिथे अंतर्गत समितीची सक्ती नाही. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. दोनशिक्षकी शाळेतल्या बाईने कुठे बोलायचं? कागदावर यातलं काहीच विचारत नाहीत. म्हणून बिननावी प्रश्नावली मागू या. प्रश्न आपण ठरवू, आणि निष्कर्ष आपल्यासमोर वाचायला लावू.