ताईचं घड्याळ

२०२४ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी आली. न्यू जर्सीतली ताई सकाळी नऊला व्हिडिओ कॉलवर ओवाळणार, म्हणजे आमच्या पिंपळगाव राजात संध्याकाळी साडेसहा. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने तसं लिहून ठेवलं होतं. मी टोपी घालून पाटावर बसलो, निरांजनात दुसऱ्यांदा तूप घातलं, पण ताई दिसली ती साडेसातला. तिचं काहीच चुकलं नव्हतं. अमेरिकेतल्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. नेमका तोच दिवस होता! साडेनऊ तासांचं अंतर रातोरात साडेदहा झालं. आपल्याकडे घड्याळ वर्षभर हलत नाही, म्हणून हे ध्यानात राहत नाही. तसे आपणही एकेकाळी दोन वेळांत जगलो आहोत: १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ १९५५पर्यंत सोडली नाही. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की परदेशातल्या माणसाशी वेळ ठरवताना नुसता आकडा लिहू नका, कुठल्या गावची वेळ तेही लिहा आणि मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये तेच शहर निवडा. पुढचा हिशोब तो करतो. म्हातारी माणसं फोनकडे डोळे लावून तासभर बसतात, ते बघवत नाही. आता आई नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या चौकोनात आधीच लिहून ठेवते, ‘ताईचं घड्याळ’.